मुलीला सेबूला मेडिकलला पाठवतोय – टायफूनचं कितपत घाबरायचं?

बार्शीची_ताई

नमस्कार मंडळी. मुलगी बारावी झाली. सरकारीला मार्क पुरले नाहीत, खाजगीला पैसे. फिलिपिन्समध्ये सेबू शहरात मेडिकलला पाठवायचं जवळजवळ ठरलंय. एजंट म्हणतो, "ताई, सेबू एकदम सेफ, टायफून सगळे वर मनिलाकडे जातात." त्याच्या या वाक्यावरच माझा विश्वास बसेना म्हणून मी शोधायला बसले, तर २०१३ चं हैयान वादळ समोर आलं. ताशी ३१५ किलोमीटरचा वारा, ६,३०० माणसं गेली. ते वाचल्यापासून झोप नाही.

आमच्याकडे वळवाचा वारा सुटला की दोन-चार पत्रे उडतात, एखादं लिंबाचं झाड पडतं. वादळ म्हणजे मला एवढंच माहीत. नुसत्या वाऱ्याने सहा हजार माणसं कशी मरतात? तिथे सगळी झोपड्यांचीच वस्ती होती का? मुलीचं होस्टेल पक्क्या इमारतीत नवव्या मजल्यावर आहे म्हणतात. तेवढं पुरे का? मिस्टर म्हणतात, "ओडिशात नाही का वादळं येत, तिथे पोरं शिकत नाहीत का?" कुणी तिकडे राहिलंय, काम केलंय, त्यांनी खरं काय ते सांगावं. घाबरवलंत तरी चालेल.

---

डेकखालचा

ताई, प्रश्न सेबूचा असला तरी मला शेजारच्या लेते बेटापासून सुरुवात करावी लागेल. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी मर्चंट नेव्हीत, इंजिन साइडला. गाव गुहागर. २०१३ च्या नोव्हेंबरात एका बल्करवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड इंजिनियर होतो, ऑस्ट्रेलियातून कोळसा भरून चीनकडे निघालो होतो. अधिकारी बहुतेक आपल्याकडचे आणि क्रू बहुतेक फिलिपिनो. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. माझ्या हाताखालचा फिटर लेतेमधल्या पालो गावचा, सान होआकीन वाडीतला. एक ऑयलर सामार बेटावरच्या गीवानचा. आणि आम्हाला जेवण वाढणारा मेसमन ताक्लोबान शहरातला, सान होसे भागातला, विमानतळाशेजारचा. नकाशावर ही तीन ठिकाणं बघा. वादळाने जणू या तिघांच्या घरांवरूनच रेघ ओढली होती.

जहाजाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. जहाजाला पळता येतं. कॅप्टनने स्पीड उतरवला, आम्ही बरंच दक्षिणेला रेंगाळलो आणि वादळ पुढून निघून गेलं. आम्हाला फक्त त्याचा स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटा, लागला, टेबलावरचा मग सरकेल इतपत. आणि ज्यांची घरं जमिनीवर होती ते तिघं मेस रूममध्ये उभे राहून हवामानाच्या फॅक्सकडे बघत होते. एरवी आमच्या घरची माणसं समुद्रावरच्या माणसाची काळजी करतात. त्या आठवड्यात सगळं उलटं झालं.

आता तुमचा वाऱ्याचा आकडा. ३१५ हा अमेरिकन नौदलाच्या केंद्राचा अंदाज, एका मिनिटाच्या सरासरीचा. जपानी हवामान खातं दहा मिनिटांची सरासरी धरतं, त्यांचा आकडा २३०. दोन्हींत खोटं काही नाही, मोजायची रीत वेगळी. केंद्रातला हवेचा दाब जपान्यांच्या अंदाजाने ८९५ हेक्टोपास्कल, एरवी १०१० च्या आसपास असतो. ८ नोव्हेंबरला पहाटे पावणेपाचच्या सुमारास वादळ प्रथम जमिनीला लागलं ते आमच्या ऑयलरच्या गीवानलाच. वाऱ्याचा पहिला, सगळ्यांत कोरा मार त्या गावाने खाल्ला. घर म्हणावं असं फारसं काही उभं राहिलं नाही. पण तिथे मेलेल्यांचा आकडा शंभरच्या आसपास राहिला. तिथून पुढे ताक्लोबान, जिथे वारा काही गीवानपेक्षा जास्त नव्हता, तिथे दोन हजारांवर माणसं गेली.

हा फरक ध्यानात घ्या. माझं सांगणं सगळं या फरकापाशीच आहे.

ताक्लोबानला पाण्याने मारलं. आमचा थर्ड मेट पोरगेलासा होता, त्याने चार्टवर पेन्सिलने दाखवलं होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेला चक्रीवादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. ते पश्चिमेकडे चाललं असेल तर त्याच्या वाटेची उजवी, म्हणजे उत्तरेची बाजू वाईट, कारण तिथे फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात. आमचे डेकवाले त्या बाजूला डेंजरस सेमीसर्कल म्हणतात आणि जहाज तिकडे जाऊ देत नाहीत. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, सातच्या सुमारास तोलोसाला लेतेवर चढला. ताक्लोबान तिथून वीस-पंचवीस किलोमीटर उत्तरेला. शहराला कुठे स्पीड उतरवून रेंगाळता येतं!

त्यात जागा वाईट. लेतेचं आखात वर जाताना निमुळतं होतं, शेवटचा सान पेद्रोचा उपसागर उथळ, आणि पुढे सान हुआनिकोची सामुद्रधुनी, काही ठिकाणी नदीएवढीच रुंद. ताक्लोबान नेमकं त्या कोपऱ्यात. आधी वारा उत्तरेचा होता, त्याने उपसागरातलं पाणी बाहेर लोटलं. डोळा खालून सरकला तसा वारा पूर्वेवरून आग्नेयेला फिरला आणि ते सगळं पाणी आत आलं. दाब इतका उतरला की समुद्र मीटरभर तसाच फुगतो, बाकीचं काम वाऱ्याने केलं. शहरात पाणी पाच-सहा मीटरपर्यंत चढलं. बैठ्या घराच्या कौलांवरून पाणी, आणि त्या पाण्यात नुसतं पाणी नव्हतं. पत्रे, वासे, गाड्या, आणि अनिबोंग भागात तर नांगरलेली मोठाली मालवाहू जहाजं वस्तीवर येऊन बसली.

झोपड्या होत्या का, विचारलंत. होत्या, किनाऱ्यालगत दाटीवाटीने. पण माणसं पक्क्या इमारतींतही गेली. शहराचं अॅस्ट्रोडोम म्हणून मोठं बंदिस्त स्टेडियम आहे, समुद्राजवळ. निवारा म्हणून लोक तिथे नेले होते. छप्पर टिकलं. पाणी तळमजल्यावर शिरलं आणि तिथेही माणसं बुडाली. वाऱ्यापासून वाचायला जागा उत्तम होती. संरक्षणमंत्री आणि गृहमंत्री दोघंही आदल्या दिवसापासून शहरात येऊन बसले होते, त्यांचासुद्धा मनिलाशी संपर्क तुटला. पोलिसांतले मोजकेच कामावर येऊ शकले, कारण पोलीसही त्याच गल्ल्यांतले.

जहाजावर आम्हाला यातलं काही कळत नव्हतं. आजच्यासारखं इंटरनेट नव्हतं, ईमेल कॅप्टनच्या कॉम्प्युटरवरून. त्याने सॅटेलाइट फोन तिघांना मोकळा करून दिला, पण फोन लागणार कुठे? टॉवरच आडवे. मी गुहागरला बायकोला नावं कळवली. तिने गूगलच्या पर्सन फाइंडरवर ती टाकून बघायला सुरुवात केली. फिलिपिनो नावांचं स्पेलिंग, एकाच आडनावाची शेकडो माणसं, वय जुळतं तर गाव जुळत नाही. रात्री जेवणं उरकून बसायची ती. आमच्या सासूबाईही शेजारी बसून "ही नसेल का रे ती?" करायच्या.

फिटर रोज कामावर यायचा. मी म्हटलं, केबिनमध्ये पड. म्हणाला, "सेकंड, काम दे." मग मी त्याला गरज नसताना प्युरिफायर, तेल साफ करायचं यंत्र, उघडायला लावला. त्याने तो पाट्यानपाटी पुसून पुन्हा बसवला. मग दुसरा दिला.

सगळ्यांत आधी खबर लागली ऑयलरची. घर भुईसपाट, माणसं सगळी जिवंत. तो आनंदाने हसायला लागला आणि इतर दोघांकडे बघून गप्प झाला. मग फिटरची. बायको-पोरं शेजाऱ्याच्या स्लॅबच्या दुसऱ्या मजल्यावर चढली म्हणून वाचली. आईला जिना चढवेना, ती खालीच राहिली. तिला सान होआकीनच्या चर्चच्या अंगणात पुरलं, वाडीतल्या बाकीच्यांबरोबर, कारण दफनभूमीपर्यंत जायला रस्ताच उरला नव्हता. मेसमनची आई आणि बहीण सापडल्या. वडील घर राखायला मागे थांबले होते. ते कधीच सापडले नाहीत. सरकारी यादीत मृत ६,३००, आणि बेपत्ता १,०६२ असा वेगळा रकाना आहे. त्या रकान्यातले एक.

काही वर्षांनी दुसऱ्या जहाजावर असताना तांब्याचं कॉन्संट्रेट, म्हणजे धातू काढायची भुकटी, घेऊन लेतेच्या पश्चिम किनाऱ्यावर इसाबेल बंदरात गेलो. फिटर सुट्टीवर घरीच होता. भाड्याची व्हॅन घेऊन मला न्यायला आला. वाटेत ओर्मोक लागलं. तिथल्या नदीवर त्याने गाडी थांबवली. १९९१ च्या नोव्हेंबरात इथे थेल्मा नावाचं वादळ आलं होतं, स्थानिक नाव उरिंग. वाऱ्याच्या हिशेबात अगदीच किरकोळ, पत्रे उडतील असं. पण वरचे डोंगर झाडं तोडून ऊस लावून बसलेले, पाऊस पडला तो सगळा काही तासांत गावात आला. नदीच्या पात्रातच इस्ला वेर्दे नावाची वस्ती होती, ती जवळजवळ पुसली गेली. ओर्मोक आणि आसपास मिळून पाच हजारांवर माणसं मेली. म्हणजे ताई, एकाच बेटावर बावीस वर्षांच्या अंतराने दोन वादळं. एक जगातल्या सगळ्यात जोरकस वादळांपैकी, दुसरं मामुली. मरणारे दोन्हीकडे हजारांनी, आणि दोन्हीकडे पाण्याने.

म्हणून एजंटला वारा आणि मजला विचारू नका. होस्टेल समुद्रसपाटीपासून किती उंच, नदी-ओढा किती लांब, आणि मागे डोंगर कापलेला आहे का, हे विचारा. नवव्या मजल्यावर मुलगी बुडणार नाही. पण खाली गल्लीत पाणी असेल तर ती वर अडकेल. आणि मुलं काही नवव्या मजल्यावरच बसून राहत नाहीत.

---

स्पष्टवक्ता_पुणे

माहिती चांगली, पण एक कळलं नाही. वादळ येणार हे दोन दिवस आधी माहीत होतं ना? आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष स्वतः टीव्हीवर येऊन सांगतात, तरी लोक हलत नाहीत, वडील म्हणे घर राखत बसतात. मग सरकारने काय हात धरून न्यायचं? आपल्याकडे ओडिशात त्याच वर्षी फायलिन वादळाला लाखो लोक हलवलेच की. इथे लोकांची बेफिकिरी दिसते.

---

डेकखालचा

स्पष्टवक्ता, फायलिनचं कौतुक बरोबरच आहे. २०१३ च्या ऑक्टोबरातलं, हैयानच्या महिनाभर आधीचं. पण फिलिपिन्समध्येही हात धरून नेणारे होतेच. सेबूच्या पूर्वेला कामोतेस बेटं आहेत, त्यांतलं तुलांग दियोत हे एवढुसं बेट, हजारभर वस्ती. आदल्या दिवशी एकूण एक माणूस बोटीने पलीकडच्या मोठ्या बेटावर नेला. वादळानंतर बेटावरची सगळीच्या सगळी, पाचशेच्या आसपास घरं गेली. माणूस एकही नाही गेला. तिथे आधीपासून वस्तीवार गट होते, कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे हे गटाला तोंडपाठ. हजार माणसं अशी हलवता येतात. दोन लाखांच्या शहराला हेच जमवायचं तर आधी कित्येक वर्षं ती बांधणी करावी लागते.

आणि घर राखणाऱ्या बापाबद्दल बेफिकिरी म्हणू नका, राग येतो. सान होसेमधल्या त्या घरात फ्रिज होता, मेसमनच्या तीन काँट्रॅक्टच्या पैशांतून घेतलेला. मागे दोन डुकरं, ख्रिसमसला विकायची. आधीच्या वादळांत निवाऱ्यात जाऊन परत आलेल्यांची घरं धुतली गेलेली त्याने पाहिली होती. बायका-पोरं पाठवायची आणि घरातल्या पुरुषाने थांबायचं, ही तिथली रीत होती, आणि दरवर्षी येणाऱ्या वादळांत ती उपयोगी पडत आलेली होती. आमच्या गुहागरला तरी काय वेगळं करतात? खालच्या पाखाडीतल्या माणसाला म्हणून बघा, गोठा सोडून शाळेत झोपायला ये.

१८९७ मध्येही याच सामार-लेतेवर असंच पाणी चढलं होतं, तेराशेच्या आसपास माणसं गेली होती. त्या पाण्याची मनिलाच्या वेधशाळेतल्या पाद्रींनी तपशीलवार नोंद लिहून ठेवली. पण गल्लीतल्या कुणाच्या आजोबांनीही ते पाहिलेलं नव्हतं.

---

वाडीवरची_श्रीवर्धन

डेकखालचा भाऊ, वाचून हात थरथरले. आमचं तुलनेने काहीच नाही, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. वारा ताशी एकशेदहा-वीस असेल. पण तुम्ही लेतेच्या माडांबद्दल काही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहिते, कारण मला पहिलं तेच डोळ्यांसमोर आलं.

आमची पोफळीची वाडी सासऱ्यांच्या वडलांनी लावलेली. दुपारी दोन-तीन तासांत आडवी. माणसं घरात सुखरूप, म्हणून बातम्यांत आमचं गाव "जीवितहानी टळली" या ओळीत गेलं. टळली हे खरंच. पण सुपारीचं रोप लावल्यापासून हातात काही यायला पाच-सहा वर्षं जातात, भरात यायला त्याहून जास्त. पंचनाम्यात झाडामागे जे मिळालं त्यात पडलेलं झाड कापून बाहेर काढायची मजुरीही निघाली नाही. आणि पडलेले माड तसेच ठेवले तर कुजतात, त्यांत गेंडा भुंगा अंडी घालतो, मग उभे राहिलेले माडही खातो. म्हणजे वादळ गेल्यावर दुसरं संकट तयार. आमच्याकडे करवत चालवणारा माणूस मिळेना, सगळे लॉकडाऊनमध्ये आपापल्या गावी.

लेतेचं काय झालं तेव्हा?

---

डेकखालचा

वहिनी, अगदी तेच. तिथे तीन कोटींच्या वर माड पडले किंवा निकामी झाले. तो भाग खोबऱ्यावरच जगणारा. मी गेलो तेव्हा टेकड्यांवर नुसते खांब उभे होते, शेंडा नाही, झावळी नाही. फिटरच्या सासऱ्यांचेही गेले. भुंग्याची भीती तीच, म्हणून बाहेरच्या संस्थांनी तिथे धान्याबरोबर चेनसॉ पाठवल्या, ओंडके लवकर कापून घरांना फळ्या करा म्हणून. सासऱ्यांचं नवं घर माडाच्याच फळ्यांचं आहे, आत शिरलं की वास येतो. नवे माड लावले, पण माडाला सहा-सात वर्षं. सासरे सत्तरीचे. मधल्या काळात त्यांनी रताळी लावली आणि जावयाच्या पगारावर काढले. लेतेतली किती घरं त्या वर्षांत जहाजावरच्या पगारावर उभी राहिली असतील, मोजदाद नाही.

घरांचं सांगायचं राहिलंच. अकरा लाखांवर घरं पडली किंवा मोडली, चाळीस लाख लोक बेघर. ताक्लोबानमध्ये किनाऱ्यालगतच्या लोकांना शहराच्या उत्तरेला वसाहती बांधून दिल्या. मेसमनची आई तिथे राहते. एकसारख्या घरांच्या रांगा, उंचावर, पाण्यापासून लांब, कागदावर सगळं बरोबर. पण मी गेलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा, आणि बाजाराला जायचं तर जीपनीचं, म्हणजे तिथल्या वडाप गाडीचं, भाडं. ती पूर्वी दारात मासळी विकायची. तिथे दारात समुद्रच नाही. तिचे शेजारी दिवसा जुन्या जागी जाऊन जाळी टाकायचे आणि रात्री झोपायला वर यायचे. आम्ही गेलो त्या दिवशी तिने आम्हाला जेवू घातलं, भात आणि तळलेली मासळी, आणि मुलाने जहाजावर काय काय वाढलं याची चौकशी केली. मी म्हटलं, तुमचा मुलगा डाळ आमच्या कुकपेक्षा चांगली करायला शिकलाय. ते खरंही होतं.

---

सेबूतला_कोल्हापूरकर

ताई, मी २०१९ पासून सेबूत, आयटीत. थोडक्यात सांगतो.

"टायफून वर मनिलाकडे जातात" हे एजंटचं म्हणणं साफ चुकीचं. हैयान स्वतः सेबूच्या उत्तर टोकावरून गेलं, दानबांतायान आणि बांतायान बेटावरून. शहर वाचलं ते वाट उत्तरेकडून गेली म्हणून. १६ डिसेंबर २०२१ ला राय (इथे ओडेट म्हणतात) मात्र रात्री थेट शहराच्या जवळून गेलं. देशभरात चारशेवर लोक गेले. माझ्या बिल्डिंगच्या काचा फुटल्या, बाकी ठीक. खरा त्रास दुसऱ्या दिवसापासून. वीज नाही, पंप नाही, म्हणून नळ नाही. लिफ्ट बंद, मी चौदाव्या मजल्यावर, पाण्याचे कॅन खांद्यावर. पाणी भरून देणाऱ्या दुकानांसमोर पहाटेपासून रांग, पेट्रोलला रांग, चार्जिंगला मॉलमध्ये रांग. नेटवर्क नाही म्हणजे फोनवरचे पैसे बिनकामाचे, एटीएम बंद. ख्रिसमस अंधारात गेला. आईला कोल्हापुरात माझा पत्ता लागेना तेव्हा तिचं काय झालं ते तिच्याकडूनच ऐकावं.

आणि २०२५ च्या नोव्हेंबरात टिनो (कालमेगी). वाऱ्याच्या मानाने ओडेटपेक्षा कमी. पण पाऊस झाला आणि नद्या फुटल्या, लिलोआन, तालिसाय, मांदावे या भागांत. सेबू प्रांतातच शंभराहून जास्त लोक गेले. चांगल्या बंगल्यांच्या कॉलन्यांत गाड्या एकावर एक चढलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. डेकखालचा म्हणतात ते शंभर टक्के. झोपड्यांचा प्रश्न नव्हता, जागेचा होता.

मुलीला पाठवा, इथे शिक्षण चांगलं, माणसं मायेची. फक्त घरात पंधरा दिवसांचं रोख, दोन मोठे कॅन पाणी, पॉवर बँक, आणि खिडकीपासून लांब झोपायची सवय. हवामान खात्याचे सिग्नल एक ते पाच असतात. दोन लागला की बाजारहाट उरकायचा, तीनला बाहेर पडायचं नाही. मित्रमंडळी "चल समुद्रावर लाटा बघू" म्हणतील, त्यांना नाही म्हणायला शिकवून पाठवा.

---

बार्शीची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांनाही वाचून दाखवलं. फिटरच्या आईपाशी ते उठून बाहेर गेले. मुलीने स्वतः वाचलं आणि म्हणाली, "आई, मी डॉक्टरच व्हायला चाललेय ना." आता हिला काय उत्तर देऊ!

डेकखालचे दादा, होस्टेलची जागा समुद्रापासून किती उंच आहे हे आम्ही बार्शीत बसून कसं बघायचं? एजंट नुसते लॉबीचे फोटो पाठवतो.

---

डेकखालचा

ताई, फिलिपिन्स सरकारची हझार्डहंटरपीएच नावाची वेबसाइट आहे, फुकट. नकाशावर जागेवर बोट ठेवलं की पूर, समुद्राचं उधाण, दरड, भूकंप, कशाचा किती धोका ते एका पानावर येतं. इंग्रजीत आहे, मुलगी वाचेल. शेवटी भूकंपाचंही बघा, सप्टेंबर २०२५ ला सेबूच्या उत्तरेला बोगोकडे ६.९ चा होऊन गेलाय.

एजंटकडून लॉबीचे फोटो नको, बिल्डिंगचा नेमका पत्ता लिहून घ्या, बारांगायच्या नावासकट, म्हणजे आपल्याकडचा वॉर्ड. तो टाळाटाळ करायला लागला तर तिथेच समजा. मांदावेत बुतुआनोन नदीच्या काठची किंवा तालिसायला मानांगा नदीजवळची जागा सांगितली तर नाही म्हणा, भाडं कितीही कमी असो. पत्ता मिळाला की मला मेसेजमध्ये पाठवा, इथे उघड टाकू नका. मी पुढच्या आठवड्यात जॉइन होतोय, पण आता जहाजावर वायफाय आहे. आणि फिटर हल्ली सेबूच्याच डॉकयार्डात काम करतो, त्याला जागा बघून यायला सांगतो.